टॉमकाकाचं काय करायचं?

टॉमकाका ही शिवी आहे. अमेरिकेतल्या काळ्या माणसाला 'अंकल टॉम' म्हणणं म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकणं. गोऱ्यापुढं वाकणारा, मार खाऊन मारणाऱ्याचंच भलं चिंतणारा, मालकाच्या घरातल्या उष्ट्यावर खूष राहणारा काळा, असा त्याचा अर्थ. आपल्याकडं त्याला चमचा म्हणतात. कांशीराम यांनी १९८२ साली, पुणे कराराला पन्नास वर्षं झाली तेव्हा, 'द चमचा एज' असं पुस्तकच लिहिलं. त्याआधी दलाल होता, हुजऱ्या होता, होयबा होता. शब्दांचा तुटवडा आपल्याला कधीच नव्हता. चळवळीतला असा एक गट दाखवा की ज्यानं दुसऱ्या गटाला यातला एखादा शब्द फेकून मारलेला नाही.

म्हणून विचारतो. ज्याच्या नावानं ही शिवी निघाली त्या मूळ टॉमनं केलं काय होतं? कुणाला विकलं? कुणाची चुगली केली? कुणाच्या पाठीवर चाबूक ओढला? सोसणारा माणूस केव्हा गुलाम असतो आणि केव्हा नसतो, आणि हे ठरवायचं कुणी, असा साधा प्रश्न आहे. साधा म्हणजे सोपा नव्हे.

हॅरिएट बीचर स्टो या गोऱ्या बाईनं 'अंकल टॉम्स केबिन' लिहिली. १८५१-५२ मध्ये ती एका साप्ताहिकात हप्त्याहप्त्यानं आली, मार्च १८५२ मध्ये पुस्तक झालं आणि पहिल्याच वर्षी एकट्या अमेरिकेत तीन लाख प्रती खपल्या. पुढं सिनेमा आला तेव्हा मूकपटवाल्यांनी हिच्यावर उडी घातली. १९०३ ते १९२७ या काळात निदान नऊ वेळा टॉम पडद्यावर मुका उभा राहिला. शेवटचा आणि सगळ्यांत मोठा तो १९२७ चा. युनिव्हर्सल कंपनीचा, दिग्दर्शक हॅरी पोलार्ड, खर्च अठरा-वीस लाख डॉलर. त्या काळात एवढा पैसा फार थोड्या मूकपटांवर ओतला गेला. नोव्हेंबर १९२७ मध्ये न्यूयॉर्कला तो लागला. साल लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

गोष्ट थोडक्यात अशी. केंटकीतला शेल्बी नावाचा मालक, तसा 'चांगला'. कर्जात बुडतो आणि दोन जीव विकायला काढतो. एक टॉम आणि दुसरं एलायझाचं लहान पोर. एलायझाला रात्री कळतं. ती पोर छातीशी धरून पळते आणि ओहायो नदीवरच्या फुटक्या बर्फाच्या लाद्यांवरून उड्या मारत पलीकडं जाते. तिचा नवरा जॉर्ज वेगळा पळतो, पिस्तूल घेऊन. टॉम पळत नाही. तो विकला जातो. न्यू ऑर्लिन्सच्या सेंट क्लेअरकडं येतो, तिथं ईव्हा नावाच्या गोऱ्या मुलीचा लाडका होतो. ती मरते, तिचा बाप मरतो, आणि टॉम पुन्हा लिलावात उभा. शेवटी सायमन लेग्रीच्या कापसाच्या मळ्यावर येतो. तिथंच मार खाऊन मरतो.

आम्ही चार-पाच जणांनी हा मूकपट एका मित्राच्या खोलीवर पाहिला. टॉम चाबूक खातो ते दृश्य आलं तेव्हा आमच्यातला एक पोरगा ओरडला, "अरे हाण ना त्याला एक! एवढा दांडगा गडी आहेस!" सगळे हसले. मग कुणी हसलं नाही. खोलीत असा एकही नव्हता की ज्याच्या बापानं किंवा आज्यानं पाटलाच्या दारात उभं राहून खाली मान घातली नव्हती. 'हाण ना' हे आपण कुणाला म्हणतोय?

आता मूळ पुस्तकाकडं या. टॉम पळत नाही, का? भित्रा म्हणून? पुस्तकात तो एलायझाला अडवत नाही. तुला जायचा हक्क आहे, तू जा, असंच त्याचं म्हणणं आहे. पण मी गेलो तर मालक बाकीच्या सगळ्यांना विकेल, त्यापेक्षा माझा एकट्याचा सौदा होऊ दे, हा त्याचा हिशेब. हिशेब चुकीचा म्हणा हवं तर. मलाही तो पुरता पटत नाही, कारण मालकाचा शब्द खरा धरून केलेला हिशेब आहे तो. पण त्यात लाचारी कुठं आहे?

लेग्रीच्या मळ्यावर लूसी नावाची एक बाई आहे. आजारी. तिच्यानं कापूस वेचवत नाही. टॉम गुपचूप आपल्या पोत्यातला कापूस तिच्या पोत्यात टाकतो. संध्याकाळी वजन होतं. तिचं वजन भरतं, तरी लेग्री म्हणतो कमीच आहे. (काट्यावर मालकाचा हात असला की वजन किती भरतं हे आपल्याला कुणी शिकवायला नको.) मग तो टॉमला पुढं बोलावतो. त्याला मुकादम करायचा लेग्रीचा विचार आहे. चाबूक हातात देतो आणि सांगतो, हिला फोड. परीक्षाच ती. मुकादमी हवी तर आपल्या माणसाची पाठ फोडून दाखव.

टॉम नाही म्हणतो. सगळ्यांसमोर. काम सांग, मरेपर्यंत करीन, पण हे करणार नाही. त्या 'नाही'बद्दल त्याला गुरासारखा मारतात. पुढं कॅसी आणि एमेलाइन या दोन बाया पळतात, लपतात. त्या कुठं आहेत ते टॉमला माहीत आहे. लेग्री विचारतो, टॉम सांगत नाही. त्यात त्याचा जीव जातो.

म्हणजे बघा. मुकादमी नाकारणारा आणि चुगली न करता मरणारा माणूस आपण चुगलखोर मुकादमाचं नाव म्हणून वापरतो! आणि त्याला मारणारे कोण? सॅम्बो आणि क्विम्बो. दोघेही काळे, दोघेही गुलाम. चाबूक त्यांच्या हातात आहे, म्हणून भाकरी थोडी जास्त आणि पाठ थोडी शाबूत. शिवी द्यायची तर ती यांच्या नावानं द्यायला हवी होती. जगानं ती टॉमच्या नावानं दिली. हा उलटा फेरा पडला कसा?

तो पडला नाटकात आणि मग सिनेमात. स्टोबाईला नाटकांतून काही मिळालं नाही, तिला विचारलंही नाही. कंपन्या गावोगाव हिंडल्या, तंबू ठोकले, टॉमचे खेळ लावले. पुस्तकात एलायझा बर्फावरून पळते तेव्हा मागं कुत्री नाहीत. खेळात कुत्री आली, कारण कुत्र्यांना टाळी मिळते. टॉम पुस्तकात चांगला हाडापेराचा, लहान लेकरांचा बाप आहे. खेळात तो पांढऱ्या केसांचा वाकलेला म्हातारा झाला. म्हाताऱ्याची कीव लवकर येते, आणि म्हाताऱ्याची भीती वाटत नाही. टॉमचा 'नाही' हळूहळू बारीक होत गेला, त्याचं रडणं आणि प्रार्थना मोठी होत गेली. तिकीट काढणाऱ्याला जे झेपतं ते राहिलं.

एडिसन कंपनीचा १९०३ चा मूकपट एडविन पोर्टरनं केला. प्रसंगांच्या मध्ये लिखित पाट्या टाकणाऱ्या पहिल्या अमेरिकन चित्रपटांत त्याची गणना होते. त्यात टॉम झालाय तो गोरा नट, तोंडाला काळं फासून. आपल्या भाषेत तोंडाला काळं फासणं म्हणजे काय ते सांगायला नको. तिकडं तो धंदा होता, मान्य कला होती. त्याच चित्रपटात गुलामांचा लिलाव आहे, आणि लिलाव सुरू व्हायच्या आधी काळी माणसं नाचतात. खरीखुरी काळी माणसं. नाचायला काळा चालतो, दुःख करायला गोरा पाहिजे! १९१८ च्या एका मूकपटात तर मार्गेरिट क्लार्क या एकाच गोऱ्या नटीनं देवदूतासारखी ईव्हाही केली आणि काळं फासून उनाड टॉप्सीही केली. १९१४ मध्ये मात्र सॅम लुकस हा काळा नट टॉम झाला. रंगभूमीवर त्यानं ही भूमिका १८७८ मध्येच केली होती. पडद्यावर यायला मध्ये छत्तीस वर्षं गेली.

आणि १९२७ चा? तिथं टॉम काळा आहे. जेम्स लोव्ह. गडी उत्तम. चेहऱ्यावर नाटकी रडं नाही, उभा राहतो तो ताठ. कंपनीनं त्याला जाहिरातीसाठी इंग्लंडलाही पाठवलं. पण एवढ्यानं खूष होऊ नका. बाकीचं वाटप बघा. पळून जाणारी एलायझा कोण? मार्गारिटा फिशर, गोरी, दिग्दर्शकाची बायको. पिस्तूलवाला जॉर्ज कोण? आर्थर एडमंड कॅर्यू, जन्मानं आर्मेनियन, पडद्यावर गोराच. टॉप्सी कोण? मोना रे, गोरी, काळं फासून.

इथं मला ही व्यवस्था नागडी दिसते. सोसणारा काळा आहे. बंड करणारा गोऱ्या चेहऱ्याचा आहे. बीज पुस्तकातच होतं. स्टोबाईनं जॉर्ज आणि एलायझाला उजळ रंग दिला, अंगात अर्धंअधिक गोरं रक्त दिलं, आणि जॉर्जच्या तोंडी शुद्ध भाषा दिली. टॉमला काळा कुळकुळीत केला, मोडकी बोली दिली आणि क्षमा दिली. म्हणजे अन्याय सहन न होणं हा गोऱ्या रक्ताचा गुण आणि सहन होणं हा काळ्या रक्ताचा! बाई गुलामगिरीच्या विरोधात होती, मनापासून होती. तिच्या पुस्तकानं हजारो लोक हलले, हे नाकारणारा मी कोण. पण तिच्या मनाच्या तळाशी ही वाटणी होती. सिनेमानं तिला अंग दिलं, चेहरे दिले. मूकपटात मालक आणि गुलाम दोघंही मुके असतात, ही समता वाटते खरी. मग पाट्या येतात आणि टॉप्सीच्या नावावर पुन्हा तीच मोडकी, हसू आणणारी बोली. मराठी नाटकातला गडी आठवा. मालक पुण्याचं बोलतो, गडी 'आवो मालक' करतो आणि बाल्कनी हसते. बाबासाहेबांनी १९२० साली पत्र काढलं त्याला 'मूकनायक' नाव दिलं. मुक्यांच्या वतीनं पाट्या कोण लिहितो, हा प्रश्न त्या नावातच होता.

चित्रपटाचा शेवट तर मला फारच बोलका वाटतो. पुस्तक १८५२ चं, यादवी युद्धाच्या नऊ वर्षं आधीचं. चित्रपटवाल्यांनी कथा ओढून युद्धापर्यंत नेली. लेग्री मरतो कसा? टॉमचा आत्मा त्याला दिसतो, तो भेदरतो आणि खिडकीतून खाली कोसळतो. म्हणजे मेलेला टॉम त्याचा जीव घेतो. जिवंत टॉमला बोट लावायची परवानगी नव्हती, भुताला आहे. मग उत्तरेची फौज येते आणि सुटका होते. स्वातंत्र्य बाहेरून, घोड्यावर बसून येतं. खऱ्या युद्धात उत्तरेच्या लष्करात पावणेदोन लाखांच्या वर काळे सैनिक लढले. हातात बंदूक घेऊन. त्यांच्यातले कितीतरी काल-परवापर्यंत कुठल्यातरी लेग्रीचेच टॉम होते.

आता ती कुऱ्हाड. याच्यावर मी बरेच दिवस अडकून होतो.

पुस्तकात कॅसी एका रात्री टॉमकडं येते. लेग्री दारू पिऊन पडलाय, दार उघडं आहे, कुऱ्हाड ठेवलीय. चल. तिच्या हातात तेवढं बळ नाही म्हणून ती टॉमला बोलावते. टॉम नाही म्हणतो. पापातून चांगलं निपजत नाही, म्हणतो. वर तिला सांगतो, तू पळ. आपण स्वतः मात्र जात नाही. बाकीच्यांना सोडून जाणं त्याला जमत नाही.

हा टॉमचा दुसरा 'नाही'. पहिला मला कळतो, छातीत भरतो. दुसऱ्यापाशी मी थांबतो. लेग्रीला मारलं असतं तर पाप झालं असतं? ज्यानं शेकडोंना गाडलं त्याचा जीव आणि कॅसीचा जीव एका तागडीत? मला विचाराल तर कॅसीनं कुऱ्हाड उचलली असती तरी मी तिच्या विरोधात साक्ष दिली नसती. पण टॉमनं ती उचलली नाही म्हणून त्याला लाचार म्हणायलाही माझी जीभ वळत नाही. कारण हाच माणूस थोड्या दिवसांनी तिच्यासाठी मरतो. आपल्या हातानं मारणार नाही, पण तुला पकडूनही देणार नाही, अशी त्याची रेघ आहे. रेघ कुठं मारायची यावर मी त्याच्याशी भांडेन. पण ती त्यानं स्वतः मारलेली आहे.

ज्याच्यावरून टॉम सुचला म्हणतात तो खरा माणूस जोसाया हेन्सन. स्टोबाईनं १८५३ मध्ये पुराव्याचं पुस्तक काढलं त्यात त्याचा उल्लेख आहे. हेन्सननं आपलं आत्मचरित्र १८४९ मध्येच छापलं होतं. त्याच्याही आयुष्यात कुऱ्हाड आहे. १८३० साली मालकाच्या पोराबरोबर त्याला नावेतून न्यू ऑर्लिन्सला नेलं, विकायला. रात्री सगळे झोपलेत. हेन्सन कुऱ्हाड घेऊन त्या पोराच्या उशाशी उभा राहतो. वार करणार, तेवढ्यात थांबतो. मी खुनी होऊ काय, असं त्याला वाटतं. कुऱ्हाड खाली ठेवतो. पुढं तेच पोरगं तापानं फणफणतं, हेन्सन त्याची सेवा करून त्याला जिवंत घरी आणतो. बक्षीस? काही नाही. विकायचा बेत कायमच.

इथपर्यंत हेन्सन म्हणजे टॉमच. पण त्याच वर्षी तो बायको आणि चार पोरं घेऊन पळाला. दोन लहानग्यांना पाठीवरच्या झोळीत घालून चालत चालत कॅनडाला पोचला. तिथं जमीन केली, वस्ती उभी केली, शाळा काढली. त्यानं कुऱ्हाड ठेवली, पण मालकाचं घर पकडून ठेवलं नाही. स्टोबाईनं त्याची कुऱ्हाड खाली ठेवलेली घेतली, त्याच्या पाठीवरची झोळी टॉमला दिली नाही. पळण्याचं काम जॉर्ज-एलायझाकडं, उजळ रंगाकडं गेलं. टॉमला मरणच मिळालं, कारण तो मेल्याशिवाय वाचणाऱ्याच्या डोळ्यांना पुरेसं पाणी येत नाही.

दयेची ही अट आपल्या ओळखीची आहे. तू सोस, मी रडतो. तू हात उचललास की माझे डोळे कोरडे. गांधीबाबांनी 'हरिजन' म्हटलं त्यात ही अट होती. मध्यमवर्गीय मासिकांतल्या कळवळ्याच्या कथांत ती होती. त्यातला महार नेहमी भुकेला, नेहमी कृतज्ञ, शेवटच्या परिच्छेदात बहुधा मेलेला. कथा वाचून लोकांना हुंदका यायचा, आणि तोच महार गावात घोड्यावर बसला की त्याच लोकांचा हुंदका कुठं जायचा? अमेरिकेत मार्टिन डिलेनी या काळ्या पुढाऱ्यानं १८५३ मध्येच लिहिलं की या बाईंना आमच्याबद्दल काही ठाऊक नाही. फ्रेडरिक डग्लस, स्वतः पळून आलेला गुलाम, तिच्या बाजूनं उभा राहिला; पुस्तकानं काम होतंय ना, मग होऊ द्या, असा त्याचा रोख. दोघेही काळे, दोघेही लढाऊ. पुढं १९४९ मध्ये जेम्स बाल्डविननं या पुस्तकाच्या भावुकतेवर आसूड ओढला. पुस्तकाच्या शेवटी सुटलेल्या जॉर्जचं कुटुंब आफ्रिकेला, लायबेरियाला जातं. रडून झालं, आता आमच्या अंगणातून जा!

कुणी म्हणेल, मग फुल्यांचं काय? जोतिरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या भल्या लोकांना अर्पण केली, त्यांनी निग्रोंची दास्यातून सुटका केली म्हणून. केली खरी. पण ती अर्पणपत्रिका नीट वाचा. तिथं अश्रूंचे आभार नाहीत, केलेल्या कामाचे आहेत. आणि रोख इथल्या देशबांधवांकडं आहे: त्यांनी काय केलं बघा, तुम्ही काय करताय? कळवळ्याची भीक आणि हा हिशेब मागणं, यात फरक आहे.

आता ते साल. १९२७. न्यूयॉर्कच्या पडद्यावर टॉम मुकाट्यानं मार खात होता त्याच वर्षी, २० मार्चला, महाडच्या चवदार तळ्यावर आपली माणसं पाणी प्याली. प्यायल्यावर काय झालं? देवळात शिरणार अशी आवई उठली आणि परतणाऱ्यांवर, जेवत असलेल्यांवर लाठ्या पडल्या. बायका-पोरंही सुटली नाहीत. बाबासाहेब बंगल्यावर होते. भोवती आपली माणसं जमली, त्यात लष्करातून आलेले तगडे गडी होते. त्यांचे हात शिवशिवत होते. एक इशारा झाला असता तर महाडात त्या दिवशी प्रेतं पडली असती. बाबासाहेबांनी इशारा दिला नाही. शांत राहायला सांगितलं. माणसं शांत राहिली.

कुणाची छाती आहे त्यांना टॉम म्हणायची?

मार त्यांनीही खाल्ला, हात त्यांनीही उचलला नाही. आणि तरी पडद्यावरच्या टॉममध्ये आणि त्यांच्यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. ते अंतर सोसण्यात नाही. ती माणसं आधी तळ्यावर गेली होती. ओंजळ भरली होती. मार पडला तो त्यांनी काही केलं म्हणून, नुसतं असण्याबद्दल नव्हे. हात आवरायला सांगणारा त्यांचा स्वतःचा माणूस होता, गावचा पाटील नव्हता, कुणी महात्मा नव्हता. आणि आवरलेला हात तिथंच थांबला नाही. डिसेंबरच्या २५ तारखेला त्याच महाडात त्याच हातांनी मनुस्मृती जाळली. तळ्याचा खटला दहा वर्षं लढवला आणि १९३७ मध्ये हायकोर्टात जिंकला. त्यांच्या संयमाला पुढची तारीख होती. पडद्यावरच्या टॉमच्या संयमाला पुढं फक्त स्वर्ग आहे, आणि तिथली पाटीसुद्धा दुसऱ्यानंच लिहिलेली.

एवढं म्हटल्यावर शिवीकडं परत जातो, कारण ती अजून चालू आहे. १९७१ च्या मार्चमध्ये मुहम्मद अली आणि जो फ्रेझियर यांची न्यूयॉर्कला कुस्ती ठरली. बॉक्सिंग म्हणा, आमच्याकडं कुस्तीच. अली आपला नायक. व्हिएतनामला जाणार नाही म्हणाला, त्यानं किताब घालवला, साडेतीन वर्षं घालवली. आपल्या 'दलित पँथर'नं १९७२ मध्ये ज्यांच्यावरून नाव घेतलं त्या काळ्या पोरांच्या पिढीचा तो देव. लढतीआधी अलीनं फ्रेझियरला 'अंकल टॉम' म्हटलं. पुन्हा पुन्हा म्हटलं, जगापुढं. फ्रेझियर कोण? दक्षिण कॅरोलायनातल्या वाटेकऱ्याचा पोरगा. लहानपणी शेतात राबलेला. पंधराव्या वर्षी घर सोडलं, पुढं फिलाडेल्फियात खाटीकखान्यात काम केलं. अलीवर बंदी होती तेव्हा त्याला पुन्हा खेळू द्या म्हणून बोलणाऱ्यांत हा होता. दोघांत कापसाच्या शेताला जवळचा कोण? शहरात वाढलेला अली की हा? फ्रेझियरनं तोंडानं उत्तर दिलं नाही, त्याला बोलायला जमायचंच नाही तेवढं. पंधरा फेऱ्या लढला आणि अलीला हरवलं. पण ती शिवी त्याच्या अंगात रुतली. शाळेत त्याच्या पोरांना ती ऐकावी लागली. २००१ मध्ये अलीनं जाहीर माफी मागितली. तीस वर्षं झाली होती.

त्यानं कुणावर चाबूक उगारला होता? कुणाला पकडून दिलं होतं? तो नम्र होता, गोऱ्या पैशावर लढत होता (अलीही लढत होता), आणि घोषणा देत नव्हता. एवढ्यावर निकाल. आमच्या बैठकांत असे निकाल किती लागले! एखादा बँकेत कारकून, मुलाच्या फीसाठी साहेबाला 'हो सर' म्हणणारा, मोर्च्याच्या दिवशी रजा न मिळालेला. चमचा. आणि जो खरोखर चाबूक हातात घेऊन बसला, ज्यानं वस्तीची जागा बिल्डरला लिहून दिली, अत्याचाराच्या केसमधले साक्षीदार फोडले, त्याच्या गाडीवर निळा झेंडा असतो आणि त्याला आपण 'साहेब' म्हणतो. सॅम्बोला नमस्कार, टॉमला शिवी. माणूस वाकला किती हे मोजायची घाई आपल्याला फार. वाकून त्यानं कुणाच्या पाठीवर पाय दिला की कुणाचं पोतं उचललं, ते आपण बघत नाही.

१९२७ चा मूकपट आता कुणीही बघावा. अमेरिकेत २०२३ पासून त्यावर कुणाची मालकी नाही. बघताना लोव्हकडं नीट बघा. त्याला पुन्हा अशी भूमिका मिळाली नाही. आणि एक गोष्ट, जी पडद्यावर दिसत नाही. टॉमसाठी आधी घेतला होता तो चार्ल्स गिल्पिन. युजीन ओनीलच्या 'द एम्परर जोन्स' नाटकानं १९२० साली गाजलेला, काळ्यांच्या संघटनेचं मोठं पदक १९२१ मध्ये मिळालेला नट. त्या नाटकात काळ्यांना उद्देशून असलेली शिवी पुन्हा पुन्हा येते, ती गिल्पिन प्रयोगात बदलून म्हणायचा, आणि त्यावरून लेखकाशी त्याचं वाजलं. पुढं ती भूमिका पॉल रॉबसनकडं गेली. टॉमचं कामही त्याच्याकडं टिकलं नाही. कारणं दोन सांगतात. एक म्हणजे दारू. दुसरं म्हणजे त्याचा टॉम कंपनीला फारच ताठ वाटला, फारच रागीट. खरं कुठलं ते ज्याचं त्यानं ठरवावं. नाटकं नसायची तेव्हा गिल्पिन लिफ्ट चालवायचा, लोकांना वर-खाली न्यायचा. १९३० मध्ये तो वारला. त्याचा टॉम कसा उभा राहिला असता, लूसीपुढं चाबूक टाकून देताना त्याच्या चेहऱ्यावर काय दिसलं असतं, ते रीळ कुणाकडेच नाही.